लहानीबाईचं शून्य

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. लपवून काय करायचंय? सहा वर्षांपूर्वी माझी आई गेली ती पोटाच्या कर्करोगानं. मी तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात कर्करोगाच्याच वॉर्डात नर्स होते. लोकांच्या आयांना इंजेक्शनं देऊन शांत झोपवत होते आणि माझी स्वतःची आई इथं डहाणूला घरात तळमळत होती. रजा घेऊन आले तेव्हा आठच दिवस उरले होते. त्या आठ दिवसांत मी गडाखालच्या महालक्ष्मीपुढे डोकं आपटलं. ‘तिला वाचव’ असं मी म्हणालेच नाही, एवढी वेडी नव्हते. ‘दुखणं तेवढं थांबव’ एवढंच मागितलं होतं. ते काही थांबलं नाही. आईची तुळशीची माळ नंतर माझ्याकडे आली. रोज सकाळी एकशे आठ मणी ओढायचे, पण ते दात घासावेत तसं. सवय मोडत नव्हती आणि मनात काही उमटत नव्हतं.

आई गेल्यावर मुंबईचं काम सोडून मी डहाणूला परत आले आणि एका संशोधनात लागले. संशोधन म्हटलं की लोक लगेच विचारतात, ‘मग आजार बरा होणार का?’ नाही हो, बरं करणारं नव्हे. आजार जिथं बरा होण्यापलीकडे गेलाय, तिथं दुखणं, मळमळ, श्वास लागणं, झोप न येणं हे घरच्या घरी, नर्सच्या हातून किती आटोक्यात ठेवता येतं, ते बघायचं आणि नीट लिहून काढायचं. डॉक्टर वर असतात, पण पाड्यापाड्यावर जाऊन पेशंटच्या खाटेशेजारी बसणाऱ्या आम्ही नर्सा. डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके माझ्याकडे. रोजचा प्रश्न एकच. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, आज किती? तो आकडा कागदावर लिहायचा. आईच्या वेळी जे देवीला जमलं नाही ते मी करून दाखवीन, असा एक ताठा माझ्यात शिरला होता. आठाचा चार झाला, चाराचा दोन झाला की माझी छाती फुगायची. शून्य आलं तर मग काय विचारता! माझी प्रार्थना म्हणजे ते कागद झाले होते.

लहानीबाई गंजाडच्या आतल्या एका पाड्यावरची. पन्नाशीच्या पुढची, हाडं मोजून घ्यावी इतकी बारीक, पण जीभ तिखट. तिचा आजार अन्ननलिकेचा होता, त्यामुळे गिळणं बंद होत आलेलं. पेज पातळ करून थेंब थेंब जायची, गोळी काही केल्या जात नव्हती. घरात मुलगा कामासाठी गुजरातेत वापीला, वर्षाचं नातवंड, आणि सून सुनीता. सगळं करायची ती सुनीताच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लहानीबाईनं दुखण्याचा आकडा सांगितला नाही, उलट मलाच झापलं. “दुखतं म्हंजे दुखतं. आकडे काय त्याला? बाजारात विकायचंय काय, बाय?” पण नंतर सरावली, आणि आठ-नऊ सांगायला लागली. खरंच तेवढं होतं. दुखलं की ती भिंतीला पाठ घासायची, गुरं झाडाला घासतात तशी, आणि सुनीता तोंड फिरवून रडायची.

म्हणून डॉक्टरांनी तिला पट्टी लिहून दिली. अंगाला चिकटवायची, आतलं कडक औषध कातडीतून हळूहळू रक्तात उतरतं, गिळायचं काम नाही. तीन दिवस झाले की ती काढायची आणि दुसऱ्या जागी नवी लावायची. पहिली पट्टी लावायला मी स्वतः गेले होते. लहानीबाईनं ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, “सुई नाय, गोळी नाय. ह्यो कागूद काय करनार?” मला घाई होती. दुपारी तलासरीत दुसरा पेशंट बघायचा होता. मी म्हणाले, “अहो लहानीबाई, देवीचा दोरा बांधता ना मनगटाला? तसंच समजा. अंगाला लागली की तिची ती काम करते.” तिचा चेहरा एकदम बदलला. तिनं ती पट्टी कपाळाला लावली, डोळे मिटले आणि पाठ माझ्याकडे केली. मला काय कौतुक वाटलं माझं! शिकलेल्यांना जमत नाही ते मी एका वाक्यात जमवलं, असं वाटलं.

एका आठवड्यानं माझी भेट ठरलेली होती. ती मी फोनवर भागवली. कारण सांगते. तलासरीला आमची मोठी बैठक ठरली होती. आमच्या मुख्य डॉक्टरबाई येणार, बाहेरची माणसं येणार, आणि मी दोन वर्षांचं काम त्यांच्यापुढे मांडायचं. ते पसंत पडलं तर पुढचा सगळा टप्पा माझ्या हाती येणार होता. त्या नादात मी घरी बसून आलेख काढत होते, आणि सगळ्यांत सुंदर आलेख कुणाचा म्हणाल तर लहानीबाईचा. नऊ, सात, चार, दोन, एक. पायऱ्या उतरल्यासारखी रेघ खाली येत होती. पाड्यावर फोनला रेंज नाही. सुनीता बांधावर चढून मला फोन करायची आणि आकडा सांगायची. मी लिहून घ्यायचे.

बैठकीच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी साडीला पिना लावत होते. “ताई, आज शून्य,” ती म्हणाली. आवाजात आनंद मावत नव्हता. “काल रात्री नवी पट्टी लावली. आई मस्त झोपलीय. घोरतेय पण. उठवली तर हं म्हणते नि परत झोपते.” मी म्हणाले, “झोपू दे गं. किती दिवसांची झोप राहिलीय तिची.” फोन ठेवला आणि त्या रेघेच्या टोकाला शून्याचा ठिपका दिला. तिथं आणखी एक रकाना असतो, गुंगी आहे का म्हणून. त्यात मी ‘थोडी’ लिहिलं. वीस वर्षं नर्सिंग केलेली बाई मी. ‘घोरतेय’ हा शब्द कानावरून गेला आणि मी पिना लावत राहिले. 

डहाणूहून तलासरीची एसटी पकडली. खिडकीजवळ एक मावशी बसलेली, पायाशी सुक्या बोंबलांची टोपली. अंगानं दणकट, काष्टा कसलेला. चारोटीला उतरून कासाच्या बाजारात जायचं म्हणत होती. मीही समुद्राकाठचीच, मला वासाचं काही नाही, पण आज इस्त्रीची साडी होती म्हणून जरा अंग चोरून बसले. ते तिला कळलंच. “बस ना गो नीट, बोंबील काय तुला खानार नाय,” असं म्हणून हसली आणि टोपली पायानं आत ढकलली. मग गंजाड मागे पडलं. पाड्याकडे जाणारी वाट खिडकीबाहेरून मागे गेली. मी मांडीवरच्या कागदांतून तोंडसुद्धा वर काढलं नाही.

माझी नजर गेली ती मावशीच्या हातावर. टोपली सावरायला तिनं हात पुढं केला, तर मनगटावर पाच-सहा दोरे. एक नवा लालभडक, बाकीचे विटलेले, काळे पडलेले, खाऱ्या पाण्यानं ताठ झालेले. त्यांच्या खाली कातडी लाल होऊन सोलली होती. नर्सची खोड जात नाही. मी म्हणाले, “मावशी, हे जुने तरी कापून टाका. खाली सडेल सगळं.” ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी काहीतरी भलतंच बोलले. “देवीचा दोरा हातानं काढतात काय गो? नवा बांधायचा नि जुना राहू द्यायचा. तिनं बांधला, ती सोडवेल. गळंल तवा गळंल.”

मी मान डोलावली. पुन्हा कागदांकडे बघितलं. आणि त्या रेघेच्या टोकाचं शून्य माझ्याकडे बघायला लागलं.

नवा बांधायचा नि जुना राहू द्यायचा. मला काय हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! माझ्या आईच्या हातावर असेच दोरे होते. तिला शेवटची आंघोळ घातली तेव्हाही ते आम्ही तसेच ठेवले होते. आणि मीच, माझ्या ह्या तोंडानं, लहानीबाईला सांगितलं होतं की देवीचा दोरा समजा. मग तिच्या अंगावरची पहिली पट्टी कोण काढणार? सुनीता? सासूच्या अंगाला लागलेली देवीची वस्तू? पहिली मी लावली, मग दुसरी, तिसरी, आणि काल रात्री चौथी. चार पट्ट्या. जुन्या पट्टीतलं औषध तीन दिवसांत सगळं संपतं असंही नाही, थोडं थोडं उतरत राहतं. मी सुनीताला ‘जुनी काढ’ म्हणून सांगितलं होतं का? फॉर्मवर तशी खूण होती, माझीच. पण बोलले होते का, ते काही केल्या आठवेना. आणि सकाळचं ‘घोरतेय’ आता कानात घणासारखं वाजायला लागलं. ते घोरणं नव्हतं. श्वास अडखळत होता.

फोन लावला, संपर्काच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बांधावर कोण चढून बसणार, सकाळचं काम झाल्यावर? मांडीवरचे कागद घसरायला लागले ते मावशीनं धरले. “काय झालं गो पोरी?” मी काय सांगितलं ते मलाच नीट आठवत नाही. माझ्या चुकीनं एक बाई मरतेय, असंच काहीतरी म्हणाले असेन. चारोटीचा नाका आला तशा आम्ही दोघी उतरलो. गंजाडकडे परत जायला जीपच होती. पण नाक्यावरची जीप भरल्याशिवाय हलत नाही, हा इथला नियम. आत तीनच माणसं, आणि जीपवाला निवांत चहा पीत उभा. मी विनवायला लागले तर म्हणाला, “भरली की निघतो ना ताई, पाच-दहा मिनिटं.” तेवढ्यात मागून मावशीचा आवाज फुटला. मासळीबाजारात ज्या आवाजात गिऱ्हाईक पळवतात त्या आवाजात. “अरे मेल्या, बाईचं मानूस मरायला टेकलंय नि तू चा ढोसतोस? चावी फिरव! तुझी आई असती तर बसला असतास काय असा?” नाका सगळा बघायला लागला. जीपवाल्यानं पेला ठेवला आणि मुकाट गाडीत बसला. आत बसलेली तीन माणसं आपणहून उतरली. मी मागे वळून बघितलं तर मावशी टोपली डोक्यावर चढवून कासाच्या बाजूला चालायलाही लागली होती.

वाटेतून मी डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं की मी येत नाही, आणि का ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “आधी पोच. रुग्णालयात मी बोलते, उताऱ्याचं इंजेक्शन तयार ठेवायला सांगते.” पाड्यापर्यंत रस्ता नाही म्हणून शेवटचा तुकडा शेतातून पळत गेले. चपला कुठं राहिल्या कळलं नाही. सुनीता अंगणात पोराला न्हाऊ घालत होती. मला बघून हसली. “ताई, तुम्ही? आई झोपलीय बघा.”

आत लहानीबाई चुलीजवळ, गोधडी पांघरून. रात्री गार लागतं म्हणाली म्हणून सुनीतानं मायेनं पांघरलेली. त्या ऊबेनं औषध आणखीनच भरभर आत जात होतं. ओठ निळसर. पापणी उचलून बघितली तर बुबुळाचा काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. घुर्र करून एक श्वास, मग काहीच नाही. मी घड्याळ बघत राहिले. काहीच नाही. मग पुन्हा एक. मिनिटात पाच. मी तिला कुशीवर वळवून पोलक्याची मागची बाजू वर केली, आणि देवा रे, पाठीवर चार पट्ट्या ओळीनं लावलेल्या, एकीखाली एक, आणि प्रत्येकीच्या मधोमध हळदीकुंकवाचं बोट. इतकी नीटस ओळ होती. सुनीतानं केवढ्या भक्तीनं लावल्या असतील! मी रागावणार तरी कुणावर? माझ्याच दोन शब्दांची ती पूजा होती.

मी पट्ट्या काढायला लागले तशी सुनीता ओरडली, “ताई, नको, हातानं नको!” मी म्हणाले, “पाप लागलं तर मला लागू दे,” आणि चारही ओढून काढल्या. गार पाण्यानं पाठ पुसली. छातीच्या हाडावर मुठीनं चोळलं, कानात ओरडले, “लहानीबाई, श्वास घ्या!” आणि तिनं घेतला. सांगितलं की घ्यायची, नाही सांगितलं की विसरायची. ह्या औषधाचं असंच असतं. दुखणं विसरायला लावता लावता ते श्वासही विसरायला लावतं. जीपवाला चपला हातात घेऊन मागोमाग आला होता. तोच आत आला, गोधडीची झोळी केली, शेजारच्या दोघांना हाका मारल्या, आणि लहानीबाईला उचलून शेतातून गाडीपर्यंत नेलं. मी बाजूनं पळत होते आणि ‘घ्या, घ्या’ म्हणत होते.

जीपमध्ये मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, हनुवटी वर धरली. सुनीता पोराला छातीशी घट्ट धरून समोर बसली, तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. श्वास मोजायचे होते आणि घड्याळाकडे बघायला मान वळवता येत नव्हती. म्हणून पिशवीतून आईची माळ काढली. एक श्वास, एक मणी. “घ्या लहानीबाई,” आणि मणी पुढे. आधी मी मनात देवीशी बोलत होते, म्हणजे सौदाच करत होते. हिला सोड, मला काय करायचं ते कर, मी हे सोडीन, ते करीन. मग एका मण्यापाशी येऊन बोट थांबलं. “घ्या.” काही नाही. “लहानीबाई, घ्या!” काही नाही. मी तिच्या तोंडाला तोंड लावून हवा फुंकली. छाती उचलली, पण मणी पुढे सरकवायचं धाडस होईना. तो श्वास माझा होता, तिचा नव्हता. त्या क्षणी माझ्यापाशी मागायला काही उरलंच नाही. ना सौदा, ना राग, ना माझं वीस वर्षांचं शिक्षण. तोंडातून एवढंच निघालं, “आई, घे.” कुणाला म्हणाले? लहानीबाईला, देवीला, की माझ्या आईला, मला आजही सांगता येणार नाही. आणि लहानीबाईनं घेतला. खोल, खरखरीत, तिचा स्वतःचा. मी मणी ओढला. मेरुमणी आला तेव्हा माळ उलटी फिरवली, दुसऱ्यांदा आला तेव्हा रुग्णालयाचं फाटक दिसत होतं.

इंजेक्शन तयार होतं. अगदी थोडं थोडं देत गेले, आणि लहानीबाईनं डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. आणि मग किंचाळली. उताऱ्यानं औषध उतरलं होतं, आणि दहा दिवस दाबून ठेवलेलं दुखणं एकदम उठलं होतं. तिनं माझा दंड असा पकडला की नखं रुतली. माझ्या तोंडून सवयीनं प्रश्न गेला, “किती?” ती रुग्णालय दणाणून सोडत ओरडली, “धा! धा, धा! आग लागो तुझ्या पट्टीला!” आणि मी, जिनं शून्यासाठी जीव टाकला होता ती मी, हुंदके देत तिथंच हात जोडून उभी राहिले. तिच्या दुखण्याचा आनंद नव्हता हो, ते बघवत नव्हतं. पण ओरडायला श्वास लागतो. ती खरा आकडा सांगायला जिवंत होती.

संध्याकाळपर्यंत मोजूनमापून औषध देऊन तो दहा पाचावर आणला. तिला बरं वाटल्यावर मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. माझी चूक, दोऱ्याचं बोलणं, फोनवरची भेट, सगळं. वाटलं होतं शिव्या खाव्या लागतील. पण ती म्हणाली, “गडावर देवी होती. पोटुशी बाई आली, तिला चढवेना. तवा देवी खाली उतरली. म्हनून आमच्यासारख्यांना पाया पडायला मिलतं.” एवढंच. मला ती गोष्ट काय नवी होती? लहानपणापासून ऐकलेली. पण त्या दिवशी कळलं की दोन वर्षं मी वर बसून खालून आकडे मागवत होते. उतरले ती त्या सकाळी, अनवाणी, आणि तेही एका बोंबीलवालीनं ढकललं म्हणून.

पुढे पट्टी पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा सुनीता घाबरली. जुनी काढायची तर देवीला काय सांगायचं? वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन मधोमध दुमडायची आणि माझ्याकडे परत द्यायची, अशी आमची रीत आहे, म्हणजे पोराच्या हाताला लागत नाही. मी दुमडून दाखवली. लहानीबाईनं ती बघितली आणि म्हणाली, “हात जोडल्यागत झाली की. जोड हात, नि काढ. तिचं काम झालं.” तेव्हापासून सुनीता दर तिसऱ्या दिवशी जुनी पट्टी काढायची, हात जोडल्यासारखी दुमडायची, डब्यात ठेवायची, मगच नवी लावायची. एकही चुकली नाही. आता सगळ्या पाड्यांवर आम्ही असंच शिकवतो. डॉक्टरबाईंपुढे मी उभी राहून सांगितलं की माझा सगळ्यांत सुंदर आलेख हा एका मरणाऱ्या बाईचा होता आणि तो मी काढला होता. त्या म्हणाल्या, “हेच आधी लिही.” तसं लिहिलं. पुढचा टप्पा माझ्याकडे आला की नाही, ह्याला आता फारसा अर्थ नाही. आला, पण अर्थ नाही.

त्या मावशीला मी डहाणूच्या मासळीबाजारात शोधून काढलं. पाया पडायला वाकले तर ती दचकून मागे सरली. जीपवाल्याला झापलं ते तिला पक्कं आठवत होतं, ते तिनं शेजारणींना रंगवून पुन्हा सांगितलं. पण दोऱ्याचं विचारलं तर म्हणाली, “मी असं काय बोलली? नाय गो, मला नाय आठवत.” तिच्या मनगटावर एक दोरा कमी होता. कुठं गेला विचारलं तर म्हणाली गळला असेल कुठंतरी. मग मला बोंबील घ्यायला लावले आणि भाव कमी करायला साफ नकार दिला.

लहानीबाई त्यानंतर दोन महिने जगली. मी दर आठवड्याला गेले, कधी दोनदाही. शेवटी तिचा आवाज गेला तेव्हा ती बोटांवर आकडा दाखवायची. चार, तीन, एखाद्या दिवशी सहा. खरं असेल ते. ती जाण्याच्या आठवडाभर आधी मी नेहमीसारखी शेजारी बसून विचारलं, “आज किती?” तिनं चार बोटं दाखवली. मी लिहून घेतलं. मग तिनं माझ्या हातातलं पेन धरलं आणि हनुवटी माझ्याकडे उडवली. मला कळेना. सुनीता चुलीजवळून म्हणाली, “ताई, आई इचारतेय, तुमचा किती?”

आई गेल्यापासून सहा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, “सात,” आणि रडायला लागले. लहानीबाईनं मोडलेल्या काटकीसारखा हात उचलून माझ्या पाठीवर ठेवला, बरोबर जिथं मी तिला पहिली पट्टी लावली होती तिथं, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

आता मी देवीकडे जाते ती काही मागायला नाही. आईचं दुखणं का थांबवलं नाहीस, हेही विचारत नाही. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते नसलं तरी चालतं हे मला लहानीबाईनं शिकवलं. खालच्या देवळात रांगेत उभी राहते, पुढे पोचले की हात जोडते आणि खरं असेल ते सांगते. “आई, आज चार.” मग मागच्या बाईला वाट करून देते.